छोट्या रोबोटला उन्हावर कसं चालवायचं? सोलर इंजिन सर्किट सोप्या भाषेत

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहून दाखवा! ऊन इतकं कडक असतं. तरीही काडेपेटीएवढं सोलर पॅनल आणि जुन्या खेळण्यातली मोटार दोन वायरींनी जोडून त्याच गच्चीवर ठेवली, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. मल्टिमीटर लावला की गोंधळ अजून वाढतो. पॅनल मोकळं असताना पाच-सहा व्होल्ट दिसतात आणि मोटार जोडली की आकडा थेट शून्याच्या आसपास येतो.

इथे बरेच जण पॅनल खराब निघालं असं समजतात आणि मोठं पॅनल मागवतात. मोठं पॅनल म्हणजे जास्त वजन, मग मोठी मोटार, मग अजून मोठं पॅनल. विद्यार्थ्यांचे अर्धे सोलर प्रोजेक्ट या चक्रातच अडकतात आणि शेवटी पॅनल नुसतं शोभेला वर चिकटवून आत बॅटरी लपवली जाते. खरं तर दोन ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्या सामानात हा प्रश्न सुटतो. त्या सर्किटला सोलर इंजिन म्हणतात.

पॅनल थेट मोटारीला का जोडू नये?

आधी थोडा हिशोब करू. भर दुपारी स्वच्छ आकाश असताना एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. काडेपेटीच्या आकाराच्या पॅनलवर त्यातलं पावणेदोन वॅट पडतं. पॅनल त्यातलं १५ टक्के वापरतं असं धरलं तरी हातात येतो जेमतेम पाव वॅट. तुलनेसाठी सांगतो, चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरचं वजन होतं २६ किलो, त्याचं पॅनल होतं ५० वॅटचं आणि तो सेकंदाला एक सेंटिमीटर इतक्याच वेगाने सरकत होता. उन्हावर चालणारी यंत्रं सावकाशच चालतात, मग ती चंद्रावर असोत की गच्चीवर.

आता मोटारीकडे बघा. फिरणारी मोटार आणि थांबलेली मोटार या विजेच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार फिरायला लागली की ती स्वतःच उलटा दाब तयार करते आणि त्यामुळे करंट कमी होतो. पण थांबलेली असताना ती म्हणजे नुसती गुंडाळलेली तांब्याची तार. खेळण्यातल्या मोटारीत या तारेचा रोध एक-दोन ओहम असतो. तुमचं पॅनल जास्तीत जास्त ८० मिलिअँपिअर देतं आणि रोध दीड ओहम आहे असं समजू. मग मोटारीवर व्होल्टेज किती येणार? ०.०८ गुणिले १.५, म्हणजे ०.१२ व्होल्ट. म्हणून मल्टिमीटर शून्याजवळ दिसतो. पॅनलमध्ये पाव वॅट द्यायची ताकद आहे, पण मोटारीपर्यंत पोहोचतो त्याचा पंचविसावा भाग. मोटार एकदा फिरली असती तर पुढे काम झालं असतं. ती पहिला फेराच घेत नाही.

फ्लशची टाकी आणि सोलर इंजिन

संभाजीनगरकरांना पाणी साठवणं शिकवायला नको. जायकवाडीचं पाणी वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड येत राहिलं, त्यामुळे घराघरात टाक्या आहेत. त्यातली फ्लशची टाकी डोळ्यासमोर आणा. तिच्यात पाणी अगदी बारीक धारेने येतं. ती धार थेट भांड्यात सोडली तर काहीच साफ होणार नाही. पण टाकी भरेपर्यंत थांबलो आणि मग खालचं झाकण एकदम उघडलं, तर तेच पाणी जोरात काम करतं. आणखी एक गंमत म्हणजे झाकण एकदा उघडलं की आपण दांडा सोडला तरी ते उघडंच राहतं. टाकी रिकामी झाल्यावरच खाली बसतं.

सोलर इंजिनमध्ये नेमकं हेच होतं. टाकीच्या जागी कपॅसिटर, बारीक धारेच्या जागी पॅनल आणि झाकणाच्या जागी दोन ट्रान्झिस्टरची जोडी. कपॅसिटर अडीच-तीन व्होल्टपर्यंत भरला की जोडी चालू होते, कपॅसिटर मोटारीत रिकामा होतो, व्होल्टेज एकच्या आसपास आलं की जोडी बंद होते आणि पुन्हा भरणं सुरू. त्यामुळे रोबोट सलग चालत नाही. थांबतो, झटका मारतो, पुन्हा थांबतो.

ही पद्धत लोकप्रिय केली कॅनडाच्या मार्क टिल्डन यांनी. वॉटरलू विद्यापीठात असताना, १९८० च्या दशकाच्या शेवटी, त्यांनी मायक्रोकंट्रोलर न वापरता भंगारातल्या सामानातून लहान रोबोट बनवायला सुरुवात केली. पुढे ते अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत गेले. जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, सौंदर्य आणि यंत्रशास्त्र यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रकाराला ‘बीम’ रोबोटिक्स म्हणतात. २००४ मध्ये बाजारात आलेलं रोबोसेपियन हे खेळणंही टिल्डन यांचंच डिझाइन. आज आर्डुइनो सहज मिळतं म्हणून कुणी बीमकडे वळत नाही, पण माझ्या मते विजेचा हिशोब शिकायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी. आर्डुइनो युनो बोर्ड नुसतं चालू ठेवायलाच आपल्या पाव वॅटच्या पॅनलची ताकद कमी पडेल.

सामान काय लागेल?

सगळ्यात महत्त्वाची मोटार, कारण चुकीची मोटार घेतली तर पुढचं सगळं वाया. जुन्या कीपॅड फोनमधली व्हायब्रेटर मोटार किंवा खराब सीडी-डीव्हीडी ड्राइव्हमधली ट्रे बाहेर काढणारी मोटार बघा. मोबाइलच्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे मेलेले फोन मागून बघता येतील. सीडी ड्राइव्ह भंगारात किलोवर जातात. मोटार मिळाली की मल्टिमीटरने तिचा रोध मोजा. दहा ओहम किंवा त्याहून जास्त असेल तर ती आपल्या कामाची. एक-दोन ओहमवाली खेळण्यातली मोटार इथे नको. ती कपॅसिटर एका क्षणात पिऊन टाकेल आणि ट्रान्झिस्टरवरही ताण येईल.

पॅनल चार ते सहा व्होल्टचं घ्या. सिलिकॉनचा एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो, सेल कितीही मोठा असला तरी. व्होल्टेज वाढवायचं तर सेल एकापुढे एक जोडावे लागतात, करंट वाढवायचा तर सेलचा आकार. आपल्या पाणचक्कीत जशी पाण्याची उंची वेगळी आणि धारेची जाडी वेगळी, तसंच हे. सेल एकापुढे एक असल्यामुळे त्यातल्या एकावर जरी सावली पडली तरी सगळ्या पॅनलचा करंट पडतो. पॅनलच्या एका सेलवर बोट ठेवून बघा, लगेच कळेल. म्हणून उभा कपॅसिटर किंवा वायरींचा गुंता पॅनलवर सावली पाडणार नाही असं बसवा. जुन्या कॅल्क्युलेटरमधलं पॅनल काढायचा मोह होतो, पण ते फारच कमी करंट देतं. काही स्वस्त कॅल्क्युलेटरवर तर पॅनल खोटंच असतं, मागे वायरच नसते!

बाकी सामान किरकोळ आहे. ४७०० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर. एक बीसी ५५७ आणि एक बीसी ३३७ ट्रान्झिस्टर. २.२ किलोओहमचा एक रेझिस्टर. आणि एक आपोआप लुकलुकणारा लाल एलईडी, ज्याच्या आत इवलीशी चिप असते. साधा एलईडी चालणार नाही. रंग बदलणारा एलईडीही नको, त्याला सुरू व्हायलाच जास्त व्होल्टेज लागतं.

जोडणी

पॅनलची प्लस आणि मायनस वायर कपॅसिटरच्या प्लस आणि मायनस पायांना जोडा. कपॅसिटरच्या अंगावर ज्या बाजूला पट्टा असतो तो मायनस. हा उलटा जोडला तर तो खराब होतो, क्वचित फुटतोही.

बीसी ५५७ चा एमिटर प्लसला. त्याचा कलेक्टर बीसी ३३७ च्या बेसला. बीसी ३३७ चा एमिटर मायनसला. मोटारीचं एक टोक प्लसला आणि दुसरं बीसी ३३७ च्या कलेक्टरला. आता २.२ किलोओहमचा रेझिस्टर बीसी ५५७ च्या बेसपासून बीसी ३३७ च्या कलेक्टरपर्यंत. शेवटी एलईडीचा लांब पाय बीसी ५५७ च्या बेसला आणि आखूड पाय मायनसला. झालं सर्किट.

पायांच्या क्रमात मात्र लोक हमखास फसतात. बीसी मालिकेतल्या या दोन्ही ट्रान्झिस्टरची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली असतील, तर डावीकडून क्रम कलेक्टर, बेस, एमिटर. इंटरनेटवरच्या जुन्या आकृत्यांमध्ये बहुतेक ठिकाणी २एन३९०६ आणि २एन३९०४ असतात आणि त्यांचा क्रम बरोबर उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर. आकृती त्यांची आणि ट्रान्झिस्टर आपले असं केलं की सर्किट काही चालणार नाही.

हे चालतं कसं? सुरुवातीला रेझिस्टरमुळे बीसी ५५७ चा बेस प्लसच्या पातळीवर असतो, म्हणजे तो बंद. कपॅसिटर भरत जातो तसा एलईडीच्या आतली चिप जागी होते आणि करंट ओढू लागते. तिने पाव मिलिअँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट ओढला की रेझिस्टरवर ०.६ व्होल्ट पडतात आणि बीसी ५५७ चालू होतो. तो बीसी ३३७ ला चालू करतो, मोटारीला करंट मिळतो. त्याच क्षणी बीसी ३३७ चा कलेक्टर खाली येतो आणि रेझिस्टरमधून बीसी ५५७ चा बेसही खाली खेचून धरतो. आता एलईडी विझला तरी फरक पडत नाही, दोघं एकमेकांना चालू ठेवतात. फ्लशचं झाकण उघडं राहतं ते असं.

कपॅसिटरमधल्या ऊर्जेचं सूत्र बारावीवाल्यांना पाठ असेल: धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. २.७ व्होल्टपासून एक व्होल्टपर्यंत आपल्याला एका झटक्यात सुमारे १५ मिलिज्यूल मिळतात. व्हायब्रेटर मोटार त्यावर सेकंदाचा दहावा भाग किंवा थोडी जास्त फिरते. ऐकायला कमी वाटतं, पण पॅनलने २० मिलिअँपिअर दिले तर पुढचा झटका ०.४ सेकंदात तयार. कपॅसिटर दुप्पट केला तर झटका मोठा आणि वाटही दुप्पट, एकूण अंतर जवळपास तेवढंच.

उन्हात नेण्याआधी टेबलावर तपासा

पॅनल बाजूला ठेवा. त्याच्या जागी तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट, आणि मध्ये अजून एक २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. पहिला झटका साधारण दहा सेकंदांत यायला हवा, नंतरचे थोडे लवकर. काहीच झालं नाही तर कपॅसिटरवरचं व्होल्टेज बघा. ते चारच्या वर गेलं असेल तर एलईडी उलटा आहे किंवा ट्रान्झिस्टरचे पाय चुकलेत. ते दोनच्या खाली अडकून राहिलं तर कुठेतरी करंट गळतोय.

टेबलावर चालतं पण कडक उन्हात अडकतं, असंही होतं. मोटार थरथरत राहते, नीट फिरत नाही आणि कपॅसिटर पुन्हा भरत नाही. कारण पॅनल इतका करंट देत असतं की टाकी रिकामी होतच नाही आणि झाकण उघडंच राहतं. अशा वेळी जोडीतला रेझिस्टर २.२ ऐवजी ३.३ किंवा ४.७ किलोओहम करून बघा, नाहीतर लहान पॅनल घ्या. मोठं पॅनल नेहमीच चांगलं नसतं, ते असं.

लुकलुकणारा एलईडी मिळालाच नाही तर त्याच्या जागी तीन साधे १एन४१४८ डायोड एकापुढे एक लावतात. उन्हात ते चालतं. मंद उजेडात मात्र पॅनल देतं तेवढा करंट डायोडमधूनच निघून जातो आणि सर्किट उंबरठ्यावर अडकून बसतं. एलईडी लुकलुकताना जो धक्का देतो, तो डायोड देत नाहीत. खास व्होल्टेज ओळखणारी १३८१ नावाची तीन पायांची आयसी वापरून यापेक्षा नेमकं सर्किट बनतं, त्याला मिलर सोलर इंजिन म्हणतात. पहिल्या रोबोटसाठी त्याच्या मागे लागू नका.

पहिलं शरीर म्हणून जुन्या टूथब्रशचं डोकं उत्तम. केस एका बाजूला थोडे वाकवून घ्या, वर व्हायब्रेटर मोटार, तिच्यावर सर्किट आणि सगळ्यात वर पॅनल. प्रत्येक झटक्याला हे प्रकरण टुणकन पुढे सरकतं. चिकटवायला ग्लू गन वापरत असाल तर सावध, मे महिन्यात गच्चीवर तो गोंद मऊ पडतो आणि पॅनल घसरतं. दुहेरी फोम टेप किंवा बारीक तार बरी.

आपल्याकडचं ऊन

शहर १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे १९-२० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. तेव्हा आडवं ठेवलेलं पॅनल अगदी योग्य. डिसेंबरच्या शेवटी मात्र दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवरच असतो आणि आडव्या पॅनलवर सरळ धरलेल्या पॅनलच्या तुलनेत सुमारे ७३ टक्केच ऊन पडतं. त्या दिवसांत पॅनल दक्षिणेकडे कलतं बसवा.

उष्णता पॅनलची मित्र नाही. सिलिकॉन सेल तापला की दर अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद गमावतो. पॅनलची मापं २५ अंशांना धरलेली असतात आणि उन्हाळ्यात पॅनल सहज ६० अंशांच्या पुढे जातं, म्हणजे १५ टक्के तिथेच गेले. धुळीचं तर विचारूच नका. मंगळावरचा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर चौदा वर्षं चालला आणि २०१८ च्या धुळीच्या वादळाने त्याचा उजेड तोडला. आपल्याला निदान ओल्या फडक्याने पॅनल पुसता येतं.

संध्याकाळनंतरही रोबोट चालावा असं वाटलं तर साठवण मोठी लागते. पॅनल आणि साठवणीच्या मध्ये १एन५८१९ शॉट्की डायोड घाला, नाहीतर अंधारात वीज पॅनलमधून उलटी गळते. साडेपाच व्होल्ट, एक फॅरडचा नाण्यासारखा सुपरकपॅसिटर बघून हुरळून जाऊ नका. त्यातल्या बऱ्याच प्रकारांचा आतला रोधच कित्येक ओहम असतो. तो घड्याळाची मेमरी सांभाळेल, मोटारीला झटका देणार नाही. आणि लिथियम सेलला पॅनल थेट कधीच जोडू नका. मध्ये संरक्षण असलेलं चार्जिंग बोर्ड हवंच, आणि असा सेल भर उन्हात तापू देणं धोक्याचं आहे.

उजेडाकडे वळणारा रोबोट

एक इंजिन जमलं की दुसरं बनवा. डाव्या आणि उजव्या बाजूला थोडी बाहेर कललेली दोन पॅनलं, प्रत्येकाचं स्वतंत्र सर्किट आणि दोन मोटारी. फक्त जोडणी तिरकी करायची: डावं पॅनल उजवी मोटार फिरवेल आणि उजवं पॅनल डावी. उजेड डावीकडे असेल तर उजव्या मोटारीला लवकर लवकर झटके मिळतात आणि रोबोट डावीकडे, म्हणजे उजेडाकडे वळतो. जोडणी सरळ केली तर तोच रोबोट उजेडापासून पळतो. व्हॅलेंटिनो ब्रायटेनबर्ग यांनी १९८४ च्या ‘व्हेइकल्स’ या पुस्तकात अशाच साध्या जोडण्यांमधून यंत्रं घाबरल्यासारखी किंवा पाठलाग केल्यासारखी कशी वागतात हे मांडलं होतं. इथे ना प्रोग्राम आहे ना सेन्सर, पॅनल हाच सेन्सर.

प्रदर्शनात रोबोट बंद का पडतो?

गच्चीवर टुणटुण उड्या मारणारा रोबोट शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मेल्यासारखा पडून राहतो, आणि परीक्षक नेमके तेव्हाच येतात. कारण साधं आहे. भर उन्हात उजेड साधारण एक लाख लक्स असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत ३०० ते ५००. डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला फरक तेवढा जाणवत नाही. पॅनलचा करंट २० मिलिअँपिअरवरून ०.१ पर्यंतही उतरू शकतो. ०.२ मिलिअँपिअर धरले तरी कागदावर एका झटक्याला ४० सेकंद लागतात. प्रत्यक्षात तर तो करंट एलईडी सुरू करायलाच पुरत नाही.

सोबत टेबल लॅम्प न्या, पण एलईडी बल्बचा नाही. जुना तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब किंवा हॅलोजन हवा. तारेच्या बल्बचा बराचसा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असतो आणि सिलिकॉनला त्यातला काही भाग वापरता येतो. एलईडी दिव्यात तो नसतोच. पॅनल बल्बपासून वीसेक सेंटिमीटरवर ठेवा आणि किती सेकंदांनी झटका येतो ते आदल्या दिवशी घरी मोजून ठेवा. टेबल खिडकीजवळचं मिळत असेल तर आधी तेच मागून घ्या.